चौथा प्रश्न

रात्रीचे एक चाळीस. हडर्सफील्डच्या चढावरचं
काळवंडलेल्या दगडाचं नर्सिंग होम, खोली नऊ.
मी आणि कॅलम, एकोणीस वर्षांचा,
गार हात घेऊन तसाच आत येणारा.
"आधी हात चोळ," मी म्हणते.

मग इज्मेबाईंना सांगते, आम्ही आलोय.
त्या डोळे न उघडता विचारतात, "आता कुठली बाजू?"
खिडकीची.
सरकती चादर, एक, दोन, तीन,
आणि एक्क्याऐंशी वर्षं
भिंतीकडून खिडकीकडे वळतात.

झोपेत आपण किती वेळा वळतो
कोण मोजतं?
खांदा कुरकुरतो, कंबर ऐकून घेते,
आपल्याला न उठवता
शरीर आपलं आपण मिटवून टाकतं.
इज्मेबाईंच्या डाव्या अंगाची ही कुरकुर
अडीच वर्षांपूर्वी एका सकाळी
चहाचा कप हातातून पडला तेव्हा थांबली.
तेव्हापासून ती घड्याळाला लावून
आम्ही करतो.

कॅलमला एकदा कोडं घातलं होतं:
भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला?
त्याला भाकरी ठाऊक नव्हती. "टोस्टसारखी?"
टोस्टसारखीच, बाबा.
उत्तर तिन्हींचं एकच, फिरवलं नाही म्हणून.
चौथा प्रश्न शाळेत कुणी घातला नाही,
तो इथे रोज रात्री असतो.

मिरजेला पहिल्या वर्षी शिकवलेलं:
लाल जागा दिसली की बोटानं दाब.
पांढरी पडून परत लाल झाली
तर रक्त अजून येऊन-जाऊन आहे.
दाबूनही लालच राहिली,
तर तुला उशीर झाला.
इथे भिंतीवर त्याचाच तक्ता आहे,
चार पाठी, चारही गुलाबी.

इज्मेबाईंची पाठ कॅरियाकू बेटावरची, शिसवी.
माझी तिच्याहून दोन उकळ्या फिकी.
तक्त्यात दोघीही नाही.

कॅलम टॉर्च धरतो.
"लाल काही नाही," म्हणतो.
खरं तेच सांगतोय.

मी हाताची पालथी बाजू टेकवते,
आधी मांडीवर, मग डाव्या खुब्याच्या हाडावर.
इथे ऊब जास्त.
थोडं दाबते, तिंबून ठेवलेल्या कणकेसारखं
बोट आत जातं.
"दुखतंय?"
"तिकडचं मला काय कळतंय, पोरी."

आणि मग, तोंड उशीत, त्या सांगू लागतात:
लोकरी कापडाच्या गिरणीत बावीस वर्षं,
उतरत्या मेजावर ताणलेलं सुटाचं कापड,
गर्द निळं, आणि त्यात कुठेतरी
त्याच निळ्या धाग्याची गाठ.
"नव्या मुली खिडकीशी नेऊन बघत बसायच्या.
मी डोळे मिटायचे."

ही जखम वरून आत जात नाही.
आत, हाडाला टेकलेल्या मांसात
रक्ताच्या वाटा चेपून बंद होतात,
तिथे आधी काहीतरी मरतं.
कातडीला बातमी सगळ्यात शेवटी,
आणि कागदाला त्याच्याही नंतर.

कागदावर रकाना आहे: त्वचेचा रंग.
मी तो मोकळा ठेवते.
खाली लिहिते: डावा खुबा, ऊब, नरम,
रुपयाएवढी जागा. खोडून,
पन्नास पेन्सच्या नाण्याएवढी.
टाचा उशीवर अधांतरी.
चादरीची घडी सरळ केली.
भिंतीची बाजू बंद.
वेळ: आता दोन तास नाही, दीड.

तीन दहाला परत जातो.
बाहेर कुठलीशी मालगाडी, मग तीही नाही.
कॅलम दारातच हात चोळतो, न सांगता.
"आता कुठली बाजू?"
"भिंतीची पाळी होती, मी रद्द केली.
पाठ, जरा कललेली."

उशी सरकवताना माझी बाही
त्यांच्या उजव्या हाताखालून जाते.
बोटं तिच्या काठावरून चालतात,
अडतात,
मागे येतात.

"इथे एक टाका सुटलाय," इज्मेबाई म्हणतात.
"सकाळी बघ."