उलटे आटे

खारेगावात, चौथ्या मजल्यावर,
बाल्कनीच्या काचा सरकवल्या
की साडेतीन फुटांचा माझा कारखाना सुरू होतो.
वर कपड्यांच्या दोऱ्या, खाली लेथ,
लेथखाली रबराची पायपुसणी, दोन पदरी,
कारण तिसऱ्या मजल्यावरच्या ओवळेकर बाई म्हणतात
त्यांच्या झुंबराला कंप सुटतो.
(त्यांच्याकडे झुंबर नाही. मी पाहिलंय.)

भाऊंची बॅटरी तीन सेलची, पितळी,
हात लागून लागून निकेल उडालं तिथे पिवळी.
वागळे इस्टेटला सोळा नंबर रोडवर ते टर्नर होते,
आणि ही त्यांनी दुसऱ्या पाळीत केली,
सुपरवायझर जेवायला गेला की थोडी, गेला की थोडी.
अंग अजून खणखणीत.
डोकं मात्र चेपलेलं, काच तडकलेली,
आतला आरसा शिळ्या माशाच्या डोळ्यासारखा.

नवं डोकं करू म्हटलं.
आधी जुनंच निघेना.

आठ दिवस. खोबरेल तेल, उकळतं पाणी,
व्हाइसमध्ये कापड गुंडाळून पाइपपान्हा.
हट्टी माणसाची वस्तूही हट्टी, असं पुटपुटत होते.
नवव्या दिवशी करवत उचलली,
तेव्हा आई लसूण सोलता सोलता आली,
बॅटरी पदराला पुसली,
आणि भलत्याच बाजूला, उजवीकडे, फिरवून
डोकं माझ्या हातात ठेवलं.
"उलटे आटे आहेत. कंपनीत सेल चोरायचे ना.
येणारा पिळायचा, आणि आणखी घट्ट करून जायचा."
मला सांगितलं का नाहीस?
"तू विचारलंस कुठे?"

मग अडतीस मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा गोल.
बाहेरून सोलला, आतून कोरला,
मागे गार व्हायला पाच पंख काढले.
आटे मात्र कुठल्याच गेजमध्ये बसेनात,
ना इंचात, ना मिलिमीटरमध्ये.
भाऊ सुतात मोजायचे, आणि सुताच्या खाली "केसभर".
केस कुणाचा ते लिहून ठेवलेलं नाही.

उलटा आटा पाडायचा तर
हत्यार आधी आत नेऊन ठेवावं लागतं,
तळाच्या खाचेत, दिसणार नाही असं,
आणि तिथून कापत कापत बाहेर यायचं.
पहिला तुकडा गेला. दुसराही.
कीस उडून ओवळेकरांच्या वाळत्या साडीवर पडला,
त्यावरून जे झालं ते झालं.
तिसरा अर्ध्या फेऱ्यात अडकला,
बारीक पॉलिश पेपर, तेलाचा एक थेंब,
आणि मग तो भाऊंच्या पितळेवर असा चढला
की हाताला नुसतं कळत राहिलं, कुठे लागलं नाही.

बसबारच्या तुकड्यातून तांब्याची चकती,
चकतीवर एलईडी, तांदळाच्या दाण्याएवढा पिवळा,
रिफ्लेक्टर विकतचा.
खोलीच्या त्या टोकाला उभं राहून बघायचं:
दिवा न लावता अख्खा आरसा हळदीने भरला
की समजायचं, फोकस बसला.
भरला.

रात्री प्रकाश पारसिकच्या डोंगरावर टाकला.
उतारावरचं एक झाड, एकटं, हललं.
मी आईला म्हटलं, बघ.
तिने बॅटरी घेतली, डोंगराकडे पाहिलंही नाही,
गुडघ्यावर हात टेकत खाली वाकली
आणि लेथखाली उजेड मारला.
दिवाळीपासून तिच्या कुडीची फिरकी हरवलीय,
सोन्याची, मुगाच्या डाळीएवढी,
तिलाही आत आटे असणारच.

पण कीसात सगळंच चमकत होतं.

"उद्या झाडून बघ," म्हणाली,
"उगाच सेल जाळू नकोस. आणि हे जरा सैल झालंय,
त्यांचं असं नव्हतं."
न बघता उजवीकडे फिरवून डोकं काढलं,
तिन्ही सेल पदरात ओतून घेतले,
आणि अंधारातच आत गेली.