खोली

पॅरिसात तह झाला, शाई वाळली,
आणि सात देशांनी सात माणसं धाडली
डॅन्यूबच्या मुखाशी, सुलिनाला,
जिथं वाळू साचते आणि जहाजं रुततात.

मी त्यांचा नक्कलनवीस.
प्रत्येक ठराव सातदा उतरवायचो.
एकाच्या प्रतीत स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला
तर दुपारभर राज्यं खोळंबायची.
कुणाची खुर्ची शेगडीशी, कुणाची दाराशी,
यात एक अख्खा हिवाळा गेला.

आत खोलीत सात खुर्च्या.
बाहेर खोली साडेनऊ फूट.

बाहेरची मोजायचा टेरेंटी,
लिपोवान, दाढी बेंबीपर्यंत.
त्याचे पूर्वज झारच्या मुलखातून पळाले
कारण ते दोन बोटांनी क्रूस करत;
तिसरं बोट जोडा, असा हुकूम होता.
कायदा म्हटलं की तो अजून
मागं वळून बघायचा.

पहाटे होडी. दोरीला शिसं,
शिशाच्या बुडाला चरबी थापलेली.
वर येताना ती तळ चिकटवून आणायची :
वाळू, शिंपल्याची कपची, कधी सडका गहू.
त्याला अक्षर येत नव्हतं.
अंधारात दोरीच्या गाठी चाचपून ओरडायचा, "साडेनऊ!"
मी लिहायचो, साडेनऊ.
त्याखाली सात साम्राज्यं सही करायची.

एकदा केफालोनियाच्या गेरासिमोसनं,
गलबत गळ्यापर्यंत मक्यानं भरलेलं,
त्याच्या हातावर सोन्याचं नाणं ठेवलं.
"नुसतं अकरा म्हण."
टेरेंटीनं नाणं चरबीत दाबलं, शिसं सोडलं.
वर आली ती वाळू.
"साडेनऊ," तो म्हणाला,
आणि चरबी पुसत बसला.

मग समुद्रात दगडी बांध गेले.
अकरा. तेरा. एके दिवशी सतरा.
त्या रात्री खोलीत स्वर्ग दोन बोटं उरला,
जे एकमेकांना पाठ दाखवायचे
त्यांनी एकाच बाटलीतून ओतून घेतलं.
दारात टेरेंटी,
टोपी काखेत,
आपली दोन बोटं न्याहाळत.

पहाटे वारं फिरलं.
होडीतून हाक आली, "सोळा!"
पुन्हा हाक आली, तीच.

मी सतरा खोडलं.
खोडलं की सह्या नव्यानं घ्याव्या लागतात,
सातही.
सगळे झोपलेले होते.
मी पहिलं दार ठोठावलं.