हनुवटीची रेघ

पुन्ता अरेनासला वारा दार ठोठावत नाही,
सरळ आत येतो.
त्याच्याबरोबर ओविदिओ मान्सिया आला,
एकसष्ट वर्षांचा, खेकडे धरणारा,
मागून बायको, एदेल्मिरा,
डाव्या डोळ्याखाली पिवळं पडत चाललेलं निळं.
"जागेपणी यानं कधी हात उगारला नाही,"
तिनं सांगून टाकलं. कोणी विचारलं नव्हतं.

रात्रपाळीच्या यास्नानं त्याच्या केसांत मलम चोळून
बावीस तारा चिकटवल्या.
"यात माझी स्वप्नं दिसतात?"
"समुद्र दिसतो," ती म्हणाली, "मासे नाही."

तीस सेकंदांचं एक पान.
रात्रीची साडेनऊशे पानं.
ती वाचते, थर्मासमधला कडू चहा पीत.

सुरुवातीला बुबुळं संथ फिरतात,
भाड्याची खोली बघायला आल्यासारखी.
मग चात्या: सेकंदभर गरगरतात, थांबतात.
दिवसातलं जे ठेवायचं
त्याचं सूत इथे निघतं म्हणे.
छपराचा पत्रा वाजला तर एक उंच सुळका;
मेंदू कूस बदलतो, माणूस नाही.
एकच्या सुमाराला मोठ्या लाटा,
इतक्या सावकाश की यास्नालाच जांभई येते.
इथे कुणी हाक मारली
तर वर यायला त्याला फार वेळ लागेल.

चारनंतर साखरझोप.
रेघा जाग्या माणसासारख्या बारीक, घाईच्या,
डोळे पापणीआड धावताहेत,
आणि हनुवटीची रेघ सपाट हवी.
अंगाला कुलूप हवं:
धावायचं ते स्वप्नात, अंथरुणात नाही.

ओविदिओची रेघ काट्याकुट्यांची.

चार वाजून सतरा मिनिटांनी दोन्ही हात उठले.
कॅमेऱ्यात दोर नव्हता, तरी तो ओढत राहिला,
हातामागे हात, वजन कळेल असा.
मग काहीतरी कडेवरून आत घेतलं,
उलटं धरून पाहिलं
आणि परत पाण्यात सोडलं.

यास्नानं रकान्यात लिहिलं: हालचाल, दोन्ही हात.

ज्यांचं हे कुलूप सैल होतं
त्यांतल्या बऱ्याच जणांचे हात, काही वर्षांनी,
जागेपणीही स्वस्थ राहत नाहीत.
ते डॉक्टर सांगतील.
त्याला रकाना नाही.

सकाळी तो कानामागचं मलम पुसत म्हणाला,
"छान झोप लागली. स्वप्न? एकही नाही."

एदेल्मिरानं यास्नाला दाराशी गाठलं.
"काय मिळालं त्याला?"
"मिळालं काहीतरी. उलटं करून पाहिलं, सोडून दिलं."
"मग मादी असणार," ती म्हणाली,
आणि त्याच्या कोटाची बटणं
वरपासून लावायला लागली.