घट

मनामाच्या सोनेबाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
अठ्ठावीस वर्षं मी शैला कारेकरचा हिशेब लिहिला.
दोन रकाने: आलं, गेलं.
आणि कडेला तिसरा, बारीक: घट.
कानस लागली की धातू थोडा उडतोच,
नखात जातो, ओढणीच्या काठात, फरशीच्या सांध्यात.
सोनार घट सांगतो ती खरी मानू नये म्हणतात.
ही मला गुंजेच्या पावापर्यंत सांगायची.

एकोणऐंशी साली आली, नवऱ्यामागून.
तो बांगड्या घडवायचा, डझनावारी, बावीस कॅरट,
सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी.
ही टाकणखार भिजवायची, शेगडी फुंकायची.
चौथ्या उन्हाळ्यात तो गेला.
मालक म्हणाला, ऐरण विकतेस?
म्हणाली, उद्या सांगते.
ते उद्या अजून यायचंय.

पहिलं काम तिने माकुलाच्या हाडात ओतलं.
मुहर्रकच्या किनाऱ्यावर ओहोटीला ती हाडं पडलेली असतात,
पांढरी, होडक्याएवढी हलकी,
अंगठा दाबला तरी खड्डा पडतो.
चांदी आत गेली, जळक्या केसांचा वास सुटला,
कडं बाहेर आलं तर अंगावर रेषाच रेषा,
वाळूवरून पाणी मागे सरताना उठतात तशा.
कुणी कोरल्या नव्हत्या.
मी पॉलिशचा बोळा पुढे केला.
तिने माझ्या हातावर चापट मारली.

तेच घालून मंडळाच्या हळदीकुंकवाला गेली.
"अगंबाई, पंपाचं वायसर?"
"किती तोळे?"
"काळं का पडलंय?"
वाणात मिळालेला प्लास्टिकचा डबा घेऊन परत आली.
त्या साली विक्री शून्य.
पुढल्या साली एक, तीही परत आली:
डॅनिश इंजिनियरच्या बायकोच्या स्वेटरात अडकत होती म्हणे.

मग लुलवा आली. सत्तरीची, नाखव्याची मुलगी.
रुमालात बापाने काढलेला शेवटचा मोती,
पिवळट, एका बाजूने चेपलेला,
चावून टाकलेल्या भाताच्या शितासारखा.
बाजारात सगळ्यांनी एकच सांगितलं होतं:
वरचा पापुद्रा सोला, खाली तेज असेल.
असेल. नसेलही.
शैलाने तीन महिने तो दिव्याखाली ठेवला, बशीत,
आणि मी रोज लिहीत राहिलो: परक्याचा माल, एक नग.

अंगठी केली. वरून नुसती काळी चांदी, कोरी.
मोती आत, तळव्याच्या बाजूला.
लुलवाने मूठ मिटली.
बराच वेळ उघडली नाही.
घासाघीस न करता पैसे मोजले, डाव्या हाताने.

त्यानंतरचं सगळं वहीत आहे:
अदलियातली पांढऱ्या भिंतींची खोली,
गलबताचे खिळे, पाडलेल्या घराचं काँक्रीट,
रिफायनरीतली भंगार तार, सतरा दिनार टन;
शारजातलं प्रदर्शन, जाडजूड कागदाचं पुस्तक,
त्यात तिला आधुनिक म्हटलंय.
"म्हणजे काय हो, पाटणकर?"
म्हटलं, ज्याची उधारी लवकर वसूल होत नाही ते.

बोटांचे सांधे सुजले तेव्हा दुकान आवरलं.
निडोच्या अकरा डब्यांत साठवलेला केर
गाळायला दिला. वहीप्रमाणे निघायला हवे होते
दोनशे एकोणीस ग्रॅम. निघाले दोनशे बारा.
मी रात्रभर बेरजा तपासल्या.
सकाळी ती म्हणाली, सात ग्रॅम तुमच्या फुप्फुसात असतील,
खोकू नका.

विमानतळावर अधिकाऱ्याने पेटी उघडायला लावली.
ते पहिलं कडं हातात फिरवलं, वाजवून पाहिलं.
दागिना?
ती माझ्याकडे बघू लागली.
फॉर्म मीच भरला:
वापरलेलं सामान, चांदी, एक नग.
किमतीच्या रकान्यात पेन टेकवलं, उचललं.
मागे रांग कुरकुरत होती.