अक्षर आलं झ

पत्रिकेत अक्षर आलं ञ.
भटजी स्वतःच हसले, चष्मा पुसला, म्हणाले,
एक चरण अलीकडे झ आहे,
झ चालवून घेऊ.

झ वरून पहिला शब्द बाबांच्या तोंडून गेला: झील.
घर गप्प.
मग वहिनीच खुदकन हसली, टाके धरून हसली,
"झील नाय हां मामंजी, चेडू आसा,"
तेव्हा कुठे बाकीच्यांना हसता आलं.

तिच्या मोबाइलात सत्तावीस नावं होती,
पाचव्या महिन्यापासून जमवलेली,
अ ची, म ची, इ ची.
एकेक पुसत गेली. इरावतीपाशी अंगठा थांबला,
मग तेही पुसलं.

झेलम हे भावाने सुचवलं, समुद्रावरून, तुटक्या रेंजमध्ये.
आयटीआयला होता तेव्हा पुण्याच्या फलाटावर
त्या नावाची गाडी उभी बघितलेली.
चढला नव्हता. नुसती बघितलेली.

मी सर्जेकोटच्या जेटीवर होड्यांची नावं रंगवते.
अक्षरामागे पैसे घेते, जोडाक्षराला दीडपट.
झेलम: तीन अक्षरं, एक मात्रा, जोडाक्षर नाही.
नाळेवर नीट बसतं.
होडीच्या पुढच्या टोकाला नाळच म्हणतात,
हे पुण्याच्या लोकांना सांगावं लागतं.

"ता ठीक, पण घरात हाक काय मारूची?"
काशीबाय पाटावर बसून, सुपारी कातरत.
झेलू, कुणी म्हणालं. झिमा. झमी.
शेजारचा आर्यन झुरळ म्हणाला,
त्याला शेंगदाणे देऊन बाहेर घातला.
मग काशीबायच म्हणाली, झिपरी.
नऊ दिवसांची पोर. जावळ ते केवढं.
आणि सगळ्यांना आवडलं.

मी उठले.
माझं नाव सुलोचना.
रेशनकार्डावर आहे, बँकेत आहे.
चौथ्या वर्षी पाय मोडला, जरा वाकडा बसला,
वाळूवरून जाताना कुणीतरी म्हणालं,
बघ, कुर्ली चालली.
कोण म्हणालं ते आता कुणालाच आठवत नाही.
लग्नाच्या आमंत्रणावरसुद्धा कुर्ली येते,
माझ्याहून चांगल्या अक्षरात.
नाव ठेवणं आणि नावं ठेवणं,
मध्ये एक टिंब. तेवढ्या टिंबावरून
मी एकेचाळीस वर्षं तिरकी चालते आहे.

म्हटलं, झिपरी नको.
"मगे काय व्हया तुका?"
सांगता येईना.

संध्याकाळी जेटीवर पराडकरांच्या होडीचं शेपूट रंगवत होते,
हात निळे.
भावाची होडी आत आली. वारा उलटा, इंजिनाचा धडधडाट,
माणसाचं बोलणं अर्ध्या वाटेत पडत होतं.
त्याने दोर उचलला आणि ओरडला,
"झेल गो!"

तेवढंच आलं. सगळं आलं.
दोर माझ्या डोक्यावरून गेला, पाण्यात पडला,
तांडेलाने शिवी घातली,
मी ब्रश धरून तशीच उभी.
रोज ऐकते की हे.
प्रत्येक होडीवरून, प्रत्येक संध्याकाळी,
कुणी ना कुणी कुणाला तरी सांगतंच:
झेल.

घरी येऊन वहिनीला सांगितलं.
तिने दोनदा म्हणून बघितलं, हळू,
मग खिडकीतून माडांकडे तोंड करून, मोठ्याने.
आर्यन अंगणातून "काय?" म्हणत धावत आला.
"वाऱ्यार टिकता," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी आत्या म्हणून मी वाकले.
पाठीत बायकांचे धपाटे, पाळण्यात घुगऱ्यांचा वास,
कानात कुर्रर्र, झेलम,
कुर्रर्र, झेलम.
आणि मग, कुणाला ऐकू जाणार नाही असं,
हाकेचं नाव.

पुढचं तर मलाही ठरवून सुचलं नव्हतं:
बाय गो, हे तुला न विचारता ठेवतोय.
मोठी झालीस आणि बोचायला लागलं
तर परत फेक.
मी झेलते.