पानावरची नावं

केळीच्या कापणीच्या पावतीबुकाची मागची बाजू
कोरी असते, म्हणून लग्न आम्ही तिथं मांडलं.
पुढं घड, वजन, दांड्याची घट, ट्रकचा नंबर;
मागं मंडप, बट्ट्या, पाहुणे
आणि खोडलेलं बरंच काही.

घोडा खोडला. डीजे खोडला.
ड्रोनवाला सावद्याहून स्वतःच येऊन गेला,
त्याला चहा पाजला आणि खोडला.
टोपी-टॉवेल खोडायला तीन आठवडे लागले
आणि मोठ्या काकांचा एक अबोला
(अजून चालू आहे, त्याच्यापुरती ओळ सोडलीय).

राहिलं एकच. नाव घेणं.

भूपेशला सुरुवातीचा क जमत नाही.
खिरोद्यात जन्मून तो केळीला माल म्हणतो,
काकूला अहो,
आणि करप्याचं औषध मागताना दुकानात
सरळ रोगट पानच नेऊन दाखवतो.
त्याच्या वाट्याला मी आले, कुमुदिनी.

साखरपुड्यात कुणीतरी माइक पुढं केला.
क... क...
स्पीकरनं तो क अख्ख्या न्हावी गावाला वाटला.
आधी एक पोरगं हसलं, मग पंगत.
मी पेढ्याच्या कागदाची घडी घालत बसले,
घडीवर घडी,
शेवटी कागद दुमडेना.

त्यानंतर पंधरा दिवस तो आला नाही.
आला तो थेट बागेत, हातात बाभळीचा काटा.
खालच्या एका पानावर काहीतरी ओरखडलं.
"काय लिहिलं?"
"थांब."
हिरव्यावर हिरवं. काहीच दिसेना.
चिकाचे बारीक थेंब फुटले, तेवढेच.
मग मोटर बंद केली, नळ्या तपासल्या,
बट्ट्या तळायच्या की नुसत्या भाजून तुपात बुडवायच्या
यावर भांडलो,
आणि परतताना पाहिलं तर पानावर
काळंभोर, वळणदार, एका दमात
कुमुदिनी.

तिथून पावतीबुक भरभर भरलं.
ज्याचं पान त्याचं नाव,
शेंड्याशी, डावीकडं, जिथं मीठ वाढतात.
साडेतीनशे पानं, कापणी पहाटे चारला,
पंगत बसेपर्यंत अक्षरं पिकतील.
आचारी म्हणाला, नावावर वरण वाढू का?
म्हटलं, घोटलेली वांगी जरा उजवीकडं घ्या.
आई म्हणाली, "हे काय करू राहिली वो तू,
लोकं पान पाहतीन का जेवतीन?"

यादी करताना मात्र अडलो.
चिनावलवाली मामी, बोदवडवाली काकू,
आणि ती रावेरची, जी दर लग्नात
पहिल्या हळदीपासून शेवटच्या भांड्यापर्यंत असते,
यांची नावं काय?
मामांना फोन केला.
मामा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "थांब, तिलेच विचारतो."
मागून कढईचा आवाज, मग मामीचा,
"काहून? काय झालं?"
आणि मग हळूच, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगावं तसं,
"सुलोचना."

आई चष्मा लावून यादी वाचत होती.
तिचं नाव मी सगळ्यात वर लिहिलं होतं, नुसतं, मागंपुढं काही न लावता.
वेलांटी चुकलीय म्हणाली. दुरुस्त केली.
नंतर दोन दिवस
वांग्याच्या भावावरून कुणाशी भांडली नाही.

खिरोद्याच्या उंबऱ्यावर नणंदा अडवतील,
नाव घे म्हणतील, सोडणार नाहीत.
भूपेश पान पुढं धरील, काटा चालवील,
आणि मग सगळ्यांनी थांबायचं,
चीक सुकेपर्यंत,
मे महिन्याच्या उन्हात, डोक्यावर अक्षता घेऊन.
तेवढ्यात कुणाला हसायचं असेल तर हसावं.
वेळ भरपूर आहे.

शेवटची नोंद, पान सत्तावीस, मागची बाजू:
काटे, चारशे.
(पन्नास मोडतील.)