पृष्ठ २१४

नदी गोठली की टार्टूत आवाज कमी होतात.
तेव्हा मी संदर्भ मोजायला बसते,
तळमजल्यावर, हीटरला पाठ लावून.
संभाव्यताशास्त्राच्या त्रैमासिकाची चिटणीस. सदतिसावं वर्ष.

कोणी कोणाला किती वेळा उद्धृत केलं, त्याचा तक्ता.
नवल फारसं नसतं त्यात.
ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच आणखी येतात,
प्राध्यापक तालविक वर्षाला चौदा वेळा
स्वतःलाच भेटतात,
आणि निम्म्याहून जास्त लेख
पाहुणा न आलेल्या घरासारखे
आवरून बसलेले.

लेइडा कूस्कचा लेख त्यातलाच.
एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर, यादृच्छिक चालींवर सात पानं.
बाई एकदाच आल्या होत्या इथे,
ओले हातमोजे हीटरवर ठेवून विसरून गेल्या.
पुढे वाल्गाच्या शाळेत गणित शिकवलं, तिथेच वारल्या.

अकरा वर्षांनी कोण्या मोठ्या माणसानं
त्यांचं नाव तळटीपेत घातलं: पृष्ठ २१४.
लेख आहे २४१वर.
घाईत आकडे उलटले असतील.
पण नंतर ज्यांनी ज्यांनी लिहिलं, एकतीस जण,
क्योतो, मिन्स्क, तुलूझ,
सगळ्यांनी २१४.
मक्षिकास्थाने मक्षिका.
‘सुप्रसिद्ध निष्कर्ष’ असंही म्हटलंय एकानं.

२१४वर काय आहे, सांगते.
दुसऱ्या अंकाचं शेवटचं पान: वर्गणीचे दर,
आणि आता नसलेल्या छापखान्याचा पत्ता.

गेल्या मंगळवारी कुमासीहून एक हस्तलिखित आलं,
आफिया दोंकोर नावाच्या मुलीचं.
अठरावा संदर्भ: कूस्क, २४१.
संगणकानं लगेच लाल रेघ ओढली,
एकतीस ठिकाणी वेगळं आहे, बदलू का?
बहुमतावर त्याचा विश्वास.
आम्हीच शिकवलाय.

सोबतच्या पत्रात मुलीची एक ओळ होती:
पाचव्या पानावर उणे चिन्ह राहिलंय,
सिद्धता मात्र टिकते.

जिना चढून गेले, गुडघे कुरकुरत.
आमच्या प्रतीच्या कडा कापलेल्याच नव्हत्या.
पत्रं फोडायच्या सुरीनं एकेक पान मोकळं केलं.
पाचव्यावर खरंच नव्हतं ते चिन्ह.
मुद्रितं तेव्हा मीच तपासायची,
माझं पहिलंच वर्ष.

शिसपेन नव्हती जवळ.
नखानं तिथे एक आडवी रेघ ओढली,
खाली आले,
आणि संगणकाला म्हटलं, नको.